ऐपतीची चौकशी

येरवडा, पुणे
१२ जानेवारी २०२५

आक्का,

पाया पडतो. हे पत्र तुझ्याआधी इथले साहेब वाचतील, तेव्हा त्यांनाही नमस्कार.

पत्रच लिहायचं कारण असं, की फोनवर जी चार मिनिटं मिळतात ती आईच्या रडण्यात जातात. ती ‘जेवलास का’ विचारते, मी ‘व्हय’ म्हणेपर्यंत लाइन बंद. पोराचा फोन असूनही दादा तो हातातच घेत नाहीत. मागून त्यांचा खोकला तेवढा ऐकू येतो.

माझा जामीन डिसेंबरात मंजूर झाला, हे तुला अजितभावजींनी सांगितलं असेल. वकील म्हणाले, सुटलास. पण कोर्टात जी रक्कम भरायची ती भरणार कोण आणि जामीनदार राहणार कोण? माझ्याबरोबर पकडलेले दोघं त्याच आठवड्यात गेले. इंदापूरच्या बाजूला विहिरींवरची केबल ज्यांनी तोडली ते घरी, आणि भंगार समजून ज्यानं पिकअप चालवला तो आत. न्याय हा असा. साहेब, हे वाक्य खोडायचं असेल तर खोडा.

आता कामाचं. माझ्या सुटकेच्या कामासाठी सरकारी माणसं आपल्या घरी येणार आहेत. घर बघतील, दादांशी बोलतील. तू चार दिवस वडगावला जाऊन राहा. तू असलीस म्हणजे मला काळजी नाही. दादांना फार खोलात जाऊन काही सांगू नकोस. आलेल्या माणसांशी नीट बोला, एवढंच सांग. जास्त मलाही विचारू नकोस.

तुझा
ज्ञानेश


निमगाव केतकी
२ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानेशला आक्काचा आशीर्वाद, आणि पत्र वाचणाऱ्या साहेबांना रामराम.

बाबा, तुझं काम फत्ते! कालच वडगावहून परत आले, आणि आल्या आल्या लिहायला बसले. भांडी अजून तशीच पडलीत.

तुझं पत्र मी दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ऐपत बघाया येत्यात. जामीन म्हंजे दुसरं काय असतंय? हिंदुरावानं भावकीतल्याचा जामीन घेतला तवा तहसीलातनं ऐपतीचा दाखला काढला हुता. सातबारा बघत्यात, घर बघत्यात, मग सोडत्यात.” मलाही पटलं. कोर्ट-कचेरीत ऐपतीशिवाय कुणाचं पान हललंय?

मग आम्ही कंबर कसली. शेजारच्या हिंदुराव तात्यांकडून सोफा आणला, तोही ट्रेलरमधून, दोन्ही टेकायच्या उश्यांसकट. ज्या ट्रॅक्टरनं आणला तो अंगणातच उभा ठेवला. त्यांच्या दोन जर्सी गाई आपल्या दोन गाईंच्या शेजारी बांधल्या. आपल्या गाई बिचाऱ्या बघतच राहिल्या. आईच्या हातात त्यांच्या सुनेच्या पाटल्या. फ्रिजही आणायचा होता, पण तो भरलेला होता. गंमत बघ, तात्यांनी एवढं सगळं दिलं, पण डिसेंबरात ‘जामीनदार राहा’ म्हटलं तेव्हा ‘बघू’ म्हणाले होते. त्यांच्या विहिरीची केबल दोन वर्षांपूर्वी गेली, पाण्यावाचून ऊस वाळला. केबलचोरीत नाव असलेल्या पोराचा जामीन त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मी त्यांना दोष देत नाही. सोफा द्यायला राग आडवा येत नाही एवढंच.

दोघं आले. विधी सेवा प्राधिकरणाच्या राजलक्ष्मी मॅडम आणि त्यांच्याबरोबर चौकशी करणारे परिविक्षा अधिकारी. पुरणपोळी, कटाची आमटी, तुपाची वाटी वेगळी. ते नको नको म्हणत होते, पण आईपुढं कुणाचं चाललंय?

साहेबांनी विचारलं, “जमीन किती?” दादा दारात गेले, हात लांब केला आणि म्हणाले, “ही म्होरं दिसतीया ती बघा.” आता म्होरं तात्यांचा ऊस उभा. ती कुणाची हे त्यांनी विचारलं नाही, दादांनी सांगितलं नाही. आपले वीस गुंठे घराच्या मागं आहेत, ते काही दारातून दिसत नाहीत.

“उत्पन्न?”

“देवाच्या किरपेनं काय कमी न्हाय. कारखान्याचं सभासद हाय आमी, माझ्या आज्ज्यापास्नं.” हे मात्र खरं बोलले.

मग मॅडमनी विचारलं, “मग मुलाच्या जामिनाची रक्कम का भरली नाही?” दादा अडकले. मी काही सुचतंय का बघते, तेवढ्यात आई आतून म्हणाली, “त्येला जरा अद्दल घडावी म्हनून!”

मी तोंडाला पदर लावला. पण उत्तर असं ठणठणीत होतं की दोघांनी पुढं काही विचारलंच नाही. जाताना मॅडम माझ्याकडं बराच वेळ बघत होत्या. चांगलीच छाप पडली म्हणायची.

आता आज-उद्या तू घरी. येताना निमगाववरून ये, डाळिंबाची पेटी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलीय.

तुझी
आक्का


येरवडा, पुणे
१४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

आईला सांग, अद्दल घडली.

तुझं पत्र वाचून मी खाली बसलो तो उठलोच नाही. शेजारच्यानं विचारलं, घरी कुणी गेलं का? मी पत्र त्याच्या हातात दिलं. तो हसत सुटला. त्यानं दुसऱ्याला वाचून दाखवलं. आता आमच्या बराकीत मला ‘सावकार’ म्हणतात. ‘सावकार, तुमची जर्सी कशी आहे?’ असं विचारतात.

तुला मी जे लिहिलं नव्हतं ते आता लिहितो. ज्यांचा जामीन झालाय पण भरायला पैसे नाहीत म्हणून जे आत पडून आहेत, त्यांच्यासाठी सरकारनं निधी ठेवलाय. केंद्राकडून येतो, जिल्ह्याची समिती ठरवते, आणि समितीच कोर्टात पैसे भरते. योजनेच्या नावातच ‘गरीब कैदी’ असं आहे. ती माणसं आपली ऐपत बघायला आली नव्हती. आपली ऐपत नाही ना, हे बघायला आली होती.

तो एक शब्द मी गाळला, तो दादांमुळं. मी चौथीत असताना शाळेत फुकट वह्या आल्या होत्या. दादा शाळेत जाऊन सरांना म्हणाले होते, “ह्या एखाद्या गरिबाला द्या.” आपण वह्या बाहेरून विकत आणल्या, त्यापायी त्या वर्षी भाजीला तेल नव्हतं. अशा माणसाला मी कसं लिहू, की दादा, गरीब म्हणून माझं नाव दिलंय? मला वाटलं, ते येतील, घर बघतील, त्यांना कळेल. आपलं घर बघून कुणालाही कळलं असतं. तुम्ही ते दिसूच दिलं नाही.

मॅडम काल येऊन गेल्या. म्हणाल्या, “तुमच्या आईच्या हातची पुरणपोळी फार छान होती, पण आता अर्ज बसत नाही.” अहवालात कुटुंब सुखवस्तू असं गेलंय. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला शंका आलीच होती. त्या जर्सी गाई तुमच्या आईला शिंग दाखवत होत्या.” पण त्यांचंही बरोबर आहे. घरातल्या कर्त्या माणसानं एक सांगितलं आणि आत बसलेला पोरगा दुसरं सांगतोय, तर समितीनं कुणाचं धरायचं? फेरचौकशी होऊ शकते. मात्र दादांनी स्वतः बोललं पाहिजे.

आक्का, हसण्यावारी नेतोय, पण मला भीती वाटते. खटला कधी उभा राहील कुणी सांगत नाही. एकजण इथं माझ्यासारखाच जामीन होऊन बसलाय, तो आता कुणी नाव पुकारलं तरी मान वर करत नाही. मला तसं व्हायचं नाही. आणि दादा एकदाही भेटायला आले नाहीत. दादांना सांग असं म्हणवत नाही, सांगू नकोस असंही म्हणवत नाही. तुला काय वाटेल ते कर.

ज्ञानेश


निमगाव केतकी
९ मार्च २०२५

चि. ज्ञानेश,

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! तुला काय म्हणू रे? एक शब्द लिहायला शाई संपली होती का? तो शब्द लिहिला असतास तर मी सोफा आणायच्या ऐवजी आपली बाजसुद्धा गोठ्यात लपवली असती. असो. तू आणि दादा एकाच माळेचे मणी, मला दोन्हीकडून मार.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वडगावला गेले. दादा गाईंना वैरण टाकत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ते वळले आणि म्हणाले, “गरीब? कोन म्हनतं आमास्नी गरीब?”

मी म्हटलं, “सरकार म्हणतंय. आणि म्हणू दे की!”

“हातपाय धड हायेत माझं. दूध घालतोय, कष्ट करून खातोय. कुनाच्या दारात गेलो न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, संजीवनी.”

“मूठ तुमी झाकलीया दादा, आन् त्यात कोंडलाय त्यो.”

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली, टोपी घातली आणि बाहेर पडले. संध्याकाळी आले ते थेट झोपले. आईनं पाटल्या तर चौकशीची माणसं गेली त्याच दिवशी परत दिल्या होत्या. आता उठता-बसता स्वतःच्या तोंडात मारून घेते. “अद्दल म्हनाले म्या, माझ्या जिभंला काय झालं हुतं,” हे एवढंच चाललंय. तिला मी समजावलं, की तुझ्या उत्तरानं काही बिघडलं नाही, बिघडायचं ते आधीच बिघडलं होतं. यानं तिला बरं वाटलं असं नाही.

अजित म्हणाले, यंदा डाळिंबाला दर बरा आहे, आपण भरू. मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, “जावयाच्या पैशावर पोरगं सोडवून आनू?” आता बोल! सरकारचं नको, जावयाचं नको, आणि स्वतःकडं नाही. तात्यांकडं मागायचं तर तो विषयच नको. मी रागानं म्हटलं, मग राहू दे त्याला आतच. ते उठून गोठ्यात गेले.

मॅडमना फोन केला होता. फार सभ्य बाई आहेत. पण त्यांचं एकच, वडिलांनी सांगितलं पाहिजे. मी पुढं येऊन बोलले तर चालणार नाही, मी लग्न होऊन गेलेली.

मी हात टेकलेत रे. दादा आता माझ्याशीही बोलत नाहीत. डेअरीला दूध घालायचं आणि घरी येऊन बसायचं, एवढंच. तू मनाची तयारी ठेव असं लिहावं लागतंय, आणि ते लिहिताना मला रडू येतंय. जेवत जा.

आक्का


वडगाव निंबाळकर
पाडवा, ३० मार्च २०२५

चि. ज्ञानेश यास रामहरीचा आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही. अक्षर लागलं नाही तर कुणाकडून वाचून घे. न्हाय तर नको, तूच वाच.

संजीवनीला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाबी नव्हतं. दूध घातलं आणि बारामतीहून एस.टी. धरून पुण्याला गेलो. कोर्टात त्या मॅडमचं ऑफिस हुडकलं. बाहेर बाकावर लई माणसं होती. माझं नाव घेतलं तेव्हा आत गेलो. मॅडम म्हणाल्या, बसा आबा. पाणी दिलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललोच नसतो.

मी म्हणालो, त्या दिवशी तुमास्नी जे दिसलं त्यातलं आमचं काय बी नव्हतं. सोफा दुसऱ्याचा, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, ऊस दुसऱ्याचा. दोन गाई आमच्या. आणि आत बसलाय तो पोरगा आमचा. भरायला आमच्याकडं नाही.

एवढं बोलायला मला किती दिवस लागले ते तुला ठाऊक आहे. मॅडम हसल्या नाहीत. मला वाटलं हसतील. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. पुढच्या आठवड्यात न सांगता घरी आल्या. तुझी आई भाकरी थापत होती. मॅडम उंबऱ्यावरच बसल्या. मी त्यांना वीस गुंठे दाखवले, छपराचा पत्रा दाखवला, डेअरीचं कार्ड दाखवलं. खरं सांगायला वेळच लागत नाही, खोटं सांगायलाच दोन दिवस तयारी लागली होती.

तुला भेटायला आलो नाही ते रागानं नाही. फाटकावर नाव विचारतात, नातं विचारतात. माझ्याच्यानं सांगवलं नसतं. आता सांगवेल.

समितीची बैठक व्हायची आहे. होईल म्हणतात. तुझ्या आईनं आज गोड केलं नाही, तू आल्यावर करू म्हणते.

रामहरी


वडगाव निंबाळकर
४ मे २०२५

आक्का,

फोन करणार होतो, पण तुझ्याशी कागदावरच बोलायची सवय लागली. शिवाय हे पत्र तुझ्याआधी कुणी वाचणार नाही, ही चैन एकदा करून बघायची होती.

मी घरी आहे. नळ सोडला की पाणी येतं, दार उघडलं की उघडतं. पहिले दोन दिवस मी उगाचच अंगणात जाऊन येत होतो. आई म्हणाली, “काय हरवलंय का रं?” काही हरवलं नव्हतं. जाता येत होतं म्हणून जात होतो.

तुला वरवरचं सगळं भावजींकडून कळलंच आहे. समितीनं मंजूर केलं, कोर्टात भरणा झाला, कागद आला आणि माझं नाव पुकारलं. बाहेर आलो तर फाटकापाशी दादा. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. हवालदारानं विचारलं, “कोण लागतो तुमचा?” दादा म्हणाले, “पोरगा हाय माझा.” एवढं मोठ्यानं म्हणाले की रस्त्यावरचा रिक्षावालाही वळून बघायला लागला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “वाळलायस.” मी ठरवलं होतं रडायचं नाही. एस.टी.त बसेपर्यंत ते पाळलं.

मला धास्ती गावाची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाले, चल डेअरीवर. दुधाची रांग लागलेली, सगळे ओळखीचे. हिंदुराव तात्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “कुनी सोडवलं रं तुला?” वकिलानं, असं म्हणायचं मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, “सरकारनं. गरिबाच्या योजनेतनं. माझ्याकडं न्हवतं, म्या तसं सांगितलं, त्येंनी भरलं.”

आक्का, मला वाटलं आता जमीन पोटात घेईल तर बरं. तात्या किटलीच्या झाकणाशी खेळत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, “बरं झालं आलं पोरगं,” आणि रांग पुढं सरकली. बस, एवढंच झालं. ज्याला इतकी वर्षं घरात सगळे घाबरत होते ते इतकंच होतं. दादा घरी येताना शिट्टी वाजवत होते. दादांना शिट्टी येते हे मला माहीतच नव्हतं.

तात्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांची केबल मी नेली नव्हती, पण त्यांचा ऊस वाळला हेही खोटं नाही. माझी जूनमध्ये इंदापूरला तारीख आहे. मी जाणार आहे आणि जे झालं ते सांगणार आहे. निकाल लागेल तो लागेल. तोवर एका पोल्ट्रीवर कामाला लागलोय.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. डेअरीवरच्या त्या बोलण्यानंतर संध्याकाळी जोतीरामभाऊ दारात आले. कालव्यापलीकडच्या वस्तीवरचे, तू ओळखतेस. बराच वेळ पावसाचं, गाईंचं बोलत बसले. उठायला लागले आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, “रामहरीदादा, माझं थोरलं पोरगं गुजरातेत कंपनीत हाय असं म्या समद्यास्नी सांगितलंय. त्ये पुन्यातच हाय. ज्ञानेश हुता तितंच.” त्याचाही जामीन झालाय, भरायला नाही. एवढे दिवस त्यांनी हे बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं. दादांनी काही विचारलं नाही, उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन पुण्याला गेले.

आज त्यांच्या घरी चौकशीला माणसं यायची होती. दादा सकाळी लवकर दूध घालून निघाले. आई म्हणाली, “तुमचं काय काम तितं?” तर म्हणाले, “काय न्हाय. नुसता जाऊन बसतो. त्येला एकट्याला बोलाया जड जाईल.”

आता दिवस मावळलाय. आईनं दोनदा विचारलं, वाढू का? मी म्हटलं, दादा येऊ दे. मी आत असताना दादांनी आईबरोबर एकदाही धड जेवण केलं नव्हतं, हे तिनं मला काल सांगितलं. ताट समोर घ्यायचे आणि अर्ध्यावर उठायचे.

आले बघ. सायकल भिंतीला लावली. मी विचारलं, काय झालं? टोपी काढून खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि मग म्हणाले, “बोलला जोतीराम. रडला, पन बोलला.”

आईला म्हणाले, “वाढ गं. आमास्नी दोघास्नी.”

जेवायला जातो.

ज्ञानेश